आमिन म्हणताच बंद पडणारा वर्ग

बोहोल बेटावरच्या तिनागो गावात प्रार्थनेच्या शेवटी जो शब्द म्हणतात तोच थोरामोठ्यांचा हात उचलून आपल्या कपाळाला लावायच्या रिवाजालाही आहे. आमिन. बाहेरून आलेल्या माणसाचा यात गोंधळ उडतो. तिनागोकरांचा उडत नाही. देवाला ‘असंच होवो’ म्हणायचं आणि लगेच जवळ जे कुणी आपल्याहून जुनं माणूस असेल त्याच्या हाताखाली वाकायचं, यात वेगळी दोन कामं आहेतच कुठं?

एस्कोलास्तिका लुमायागने हा शब्द एकाच दिवशी दोन्ही अर्थांनी शिकला. तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता सदुसष्टची आहे आणि अख्ख्या गावाची नांग तिकाय आहे. नांग म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून थोरले बहुतेक चर्चमागच्या मातीत गेले, तरी ती बहीणच राहिली. एकाने लग्नाचं विचारलं होतं, पण तो उत्तर ऐकायला न थांबता मिंदानाओ बेटावर निघून गेला. तिने त्याच्यासाठी जपाची एक माळ ओढली आणि पुन्हा निपाच्या पानांकडे वळली.

खाडीत उगवणाऱ्या निपाच्या झावळ्या कापायच्या, बांबूच्या कामटीवर एकेक पान दुमडून शिवायचं आणि छपराला लागणारे झाप तयार करायचे, हा तिचा धंदा. धर्मशिक्षणाचा वर्ग हा धंदा नव्हे. एकोणिसाव्या वर्षी तो तिच्या गळ्यात पडला आणि नंतर ताईतासारखा तिथंच राहिला. प्रार्थनाघर भूकंपात पडलं तेव्हा वर्ग बदामाच्या झाडाखाली गेला. बदाम वादळात पडला तेव्हा तो तिच्या ओसरीवर आला. मग गावातली निम्मी माणसं कामासाठी जगभर पांगली, आणि वर्ग फोनमध्ये गेला.

फोन कुवेतहून तिच्या वर्गातल्या जोवेलिनने पाठवला होता. जोवेलिन तिथं दुसऱ्यांची मुलं सांभाळते. पहिल्याच दिवशी फोन तिकायच्या हातून निसटला. तिने तो चटकन उचलला, त्याचा मुका घेतला आणि म्हणाली, “माफ कर हं.” बोहोलमध्ये कोनफळ जमिनीवर पडलं की असंच करतात. दुष्काळात ज्याने जगवलं त्याला मातीत लोळू देत नाहीत. फोन कोनफळाच्या रांगेत कसा बसला हे तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिने चांगलं सुनावलं असतं.

तर असा हा दर गुरुवारी दुपारी चारचा वर्ग. ओहोटी लागलेली, चिखलातून बुडबुडे फुटताहेत, आणि तिकाय मांडीवर झाप घेऊन शिवते आहे. समोर नारळाच्या करवंटीला टेकून ठेवलेला फोन, आणि फोनमध्ये अकरा चौकटी. एकीत कानोर, बोटीच्या पोटातला, मागं इंजिनाची घरघर. कुठला समुद्र हे त्यालाही नीटसं ठाऊक नसतं. एकीत जोवेलिन, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, हलक्या आवाजात. आणि शेवटच्या चौकटीत एक उशी, उशीवर एक म्हातारं डोकं. तो इयो पान्योंग, इयो म्हणजे काका. वय एक्याण्णव. प्रार्थनाघराची घंटा त्याने साठ वर्षं वाजवली, आणि तिकायला सहाव्या वर्षी आमिन शिकवलं ते त्यानेच.

“देव कुठं आहे?” तिकाय सुई ओढत विचारायची. हाच प्रश्न ती सात वर्षांच्या पोरांना विचारत आली होती. आता ती पोरं चाळिशीची झाली होती.

“सगळीकडे,” जोवेलिन.

“पाठ केलेलं सांगू नको. आज कुठं होता?”

जोवेलिनने स्वयंपाकघराचं दार लोटलं. मग म्हणाली, “धाकटीला ताप होता, नांग. माझी नव्हे, त्यांची. रात्रभर माझं बोट धरून होती.”

“मग?”

“मग बोटात होता.”

घरघर, बुडबुडे, सुईचा सर्रकन आवाज. अकरा ठिकाणची उन्हं आणि सावल्या त्या काचेत एकमेकांत मिसळत, आणि तिकायला वाटे, आपण हे सगळे एकाच झापात शिवतोय. एका पानावर दुसरं पान, थोडं झाकून. असं शिवलं की पाऊस आत येत नाही.

अशा संथ पाण्यात मारिचू आली.

मारिचू धर्मग्रामाच्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या मिळून असलेल्या चर्चच्या, कार्यालयात बसते. लहानपणी तीही बदामाखाली बसून गेली होती, पण आता तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं. शहरातल्या वरच्या कार्यालयाने नवी योजना काढली होती: श्रद्धेचं शिक्षण आयुष्यभर, पाळण्यापासून पेटीपर्यंत, आणि सगळं एका अ‍ॅपवर. तिकायचा वर्गही त्यातच घातलेला.

“नांग, रागावू नका,” मारिचू पायरीवरच म्हणाली, “पण तुमचा वर्ग लागोपाठ तीन गुरुवार लाल आहे.”

“लाल हुतात्म्यांचा रंग. बरं झालं.”

“लाल म्हणजे अपूर्ण.”

“आणि त्या वरच्या गावच्या बेबांगचा? तिला दहा आज्ञांपैकी सात येतात.”

“तिचा हिरवा.”

“हिरवा!” तिकायने सुई झापात खुपसली. “सात आज्ञा आणि हिरवा!”

“पाच गुरुवार लागोपाठ लाल झाले की वर्ग बंद होतो, नांग. मग तुमची माणसं शहरातल्या छापील वर्गात जातात. म्हणजे छापील नव्हे, आधीच रेकॉर्ड केलेला असतो. एक टाय लावलेले गृहस्थ छान बोलतात.”

“ते गृहस्थ जोवेलिनला विचारणार का, आज देव कुठं होता?”

मारिचूने ओळखपत्र उलटं केलं, सुलटं केलं. “ते विचारत नाहीत. ते सांगतात.”

“आयुष्यभराचं म्हणता आणि शेवटी ‘पूर्ण झालं’ असं बटण ठेवता,” तिकाय म्हणाली. “हे डोकं कुणाचं?”

“नियम माझा नाही.”

“नियम कधीच कुणाचा नसतो. सगळे नुसते सांगायला येतात.”

मारिचूने चप्पल काढली आणि ओसरीवर बसली. चार वाजत आले होते. “मला फक्त बघू द्या,” ती म्हणाली. “चूक कुठं होते ते.”

त्या दिवशी वर्ग ओहोटीसारखाच संथ चालला. कानोरने विचारलं, बोटीवर रविवार कसा ओळखायचा, रोजचं जेवण सारखंच असतं. तिकाय म्हणाली, त्या दिवशी दाढी कर. मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हटली. अकरा आवाज मागंपुढं, कुवेतचा उशिरा, बोटीचा आणखी उशिरा, जणू एकच आवाज लांबच्या डोंगरांवर आपटून परत येतोय. आमिन. मग एकेकाने आपलं कपाळ काचेजवळ आणलं. “आमिन, नांग.” “आमिन, नांग.” तिकाय आपल्या हाताची पाठ काचेसमोर धरायची. “देव भलं करो, दोंग. देव भलं करो, दाय.” मुलगा असेल तर दोंग, मुलगी असेल तर दाय.

शेवटी पान्योंगची पाळी. त्या वर्गात तोच तिच्याहून थोरला, म्हणजे वाकायचं तिने. म्हाताऱ्याने उशीवरून हात थोडा उचलला. तिकायने डोळे मिटले, फोन दोन्ही हातांत घेतला आणि कपाळावर घट्ट दाबला. घट्टच, कारण पान्योंगचा हात जड होता. घंटेच्या दोराने घट्टे पडलेला तो हात कपाळावर आला की सहा वर्षांच्या मानेला पार जमिनीकडे न्यायचा.

तिने डोळे उघडले. फोन काळा. नेहमीसारखाच.

“संपला वर्ग,” ती म्हणाली. “आमिन झालं की माणसं उठतात. मीच शिकवलंय तसं.”

मारिचूचं तोंड उघडंच होतं. तिने फोन मागून घेतला, पुन्हा चालू केला आणि स्वतःच्या कपाळाकडे सावकाश नेऊन दाखवला. खालच्या बाजूला एक लाल ठिपका होता. बरोबर कपाळाच्या उंचवट्यावर यायचा.

“हे बाहेर पडायचं बटण, नांग. आणि वर्ग तुमचा, म्हणून तुम्ही बाहेर पडलात की सगळेच बाहेर फेकले जातात. शेवटचं एक पान राहतं, एक प्रश्न असतो, त्यानंतर ‘पूर्ण’. तिथपर्यंत तुमचा वर्ग कधी पोचलाच नाही.”

तिकायने मान वळवून खाडीकडे पाहिलं. एक पांढरा बगळा चिखलात एक पाय ठेवून विचार करत होता, दुसरा ठेवावा की नाही.

“म्हणजे चार आठवडे मी पोरांच्या तोंडावर दार आपटलं?”

“त्यांना वाटलं, नांगचं असंच. आमिन झालं, चला.” मारिचूला हसू आलं, तिने ते गिळलं. “सोपं आहे. पुढच्या वेळी आधी ‘पूर्ण’ दाबा, मग आमिन घ्या.”

“आधी दार लावू आणि मग बंद दाराच्या पाया पडू?”

“मग लांबूनच डोकं वाकवा.”

“लांबून वाकायला तो काय राजकारणी आहे?” तिकाय एकदम उसळली. “एकसष्ट वर्षं त्या हाताखाली वाकलेय. तुझ्या ठिपक्यासाठी लांब होऊ?”

“मग पुढच्या गुरुवारी वर्ग जाईल, नांग,” मारिचू हळू म्हणाली. “पाचवा गुरुवार आहे.” निघताना तिने तिकायचा हात कपाळाला लावला. आली तेव्हा तो लावायचा राहिला होता, हे दोघींच्याही लक्षात होतं.

त्यानंतर तीन दिवस तिकायने एकही झाप सरळ शिवला नाही. पान्योंगचं घर फार लांब नाही. खाडीच्या पलीकडे, भरतीला हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच. पण लाकडी पूल वादळात वाहून गेल्याला दोन वर्षं झाली, आणि दोन वर्षांत ती पलीकडे गेली नव्हती. गुडघे दुखतात, असं ती सांगायची. होडी भरतीलाच मिळते, असंही सांगायची. खरं कारण ती स्वतःलाही सांगत नव्हती. फोनमध्ये पान्योंग अंगठ्याएवढा होता. अंगठ्याएवढ्या म्हाताऱ्याचं मरण अंगठ्याएवढंच वाटतं. पलीकडे गेलं की तो पूर्ण मापाचा दिसणार.

चौथ्या दिवशी तिने होडीवाल्या तिबोयला विचारलं, “गुरुवारी भरती कधी?”

“तीनला, नांग. का, पलीकडे नवरा बघितलास?”

“तुझ्या बापाला विचारलं होतं, तो नाही म्हणाला. वल्हं नीट धर.”

गुरुवारी पाणी काठोकाठ भरलं होतं, निपाची पानं दोन्हीकडून वाकून होडीवर हिरवी कमान धरत होती. तिकायने फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरला होता. होडी चालली आहे की काठच मागं सरकताहेत, हे समजत नव्हतं. लहानपणी पूल नव्हताच, ती अशीच पलीकडे जायची, ओल्या झग्याने, धडा पुटपुटत. पाण्यात तिला एक म्हातारी दिसली, मग वल्ह्याने ती मोडली, मग पुन्हा जुळली.

पान्योंगची नात गेम्मा दारातच उभी होती. “आजोबा, नांग तिकाय आली. फोनमधली नव्हे, खरी.”

म्हातारा खाटेवर होता. पूर्ण मापाचा, पण मापच कमी झालेलं. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“उशीर केलास, पोरी,” तो म्हणाला. “घंटा होऊन गेली.”

“पूल नव्हता, इयो.”

“पूल आधीही नव्हता.”

तिकायने प्लास्टिकची पिशवी सोडली. तिने फोन गेम्माच्या हातात दिला आणि खाटेशेजारी चटईवर बसून वर्ग सुरू केला. बाकीच्या दहाही चौकटी उजळल्या, आणि अकराव्या जागी मारिचू, कार्यालयातल्या खुर्चीत, नखं खात. कानोरने दाढी केली होती. “आज रविवार नाही,” जोवेलिन म्हणाली. “माझ्या बोटीवर आहे,” कानोर म्हणाला.

प्रार्थना झाली. आमिन. कपाळं काचेजवळ येऊन गेली. मग तिकाय वळली आणि तिने पान्योंगचा हात घेतला.

तो जड नव्हता. वाळलेल्या पानासारखा तो तिच्या हातात आला. कपाळावर तो स्वतःहून टेकेना, तिलाच दोन्ही हातांनी वर धरून दाबावा लागला. घट्टे मात्र तसेच होते. तिने डोळे मिटले.

आणि या वेळी कुणाच्याही तोंडावर दार आपटलं नाही. फोन गेम्माच्या हातात उजळत राहिला, दहा माणसं दहा ठिकाणी थांबून बघत राहिली, आणि आजवर कुणी न पाहिलेलं शेवटचं पान वर आलं. गेम्माने वाचून दाखवलं: “आज तुम्ही काय शिकलात?”

कानोरने हनुवटी खाजवली. बोटीची घरघर तेवढी.

“नांगचा भांग डावीकडे आहे,” अखेर जोवेलिन म्हणाली. “आजवर कपाळच दिसायचं, आणि मग अंधार.”

सगळे हसले. म्हातारासुद्धा, आवाज न करता, आणि त्याच्या हसण्याने तिच्या कपाळावरचा हात हलला.

“नांग,” मारिचूचा आवाज आला, “आता ते ‘पूर्ण’ दाबा. दाबा ना!”

“गेम्मा, तू दाब,” तिकाय डोळे न उघडता म्हणाली. “माझे हात गुंतलेत.”

गेम्माने दाबलं. हिरवं झालं असावं, कारण मारिचू ओरडली आणि मग चौकटी एकेक करून गेल्या. खोलीत फक्त भरतीचं पाणी ऐकू येत होतं, घराच्या खांबांना हळूहळू लागणारं. तिकाय तशीच बसून राहिली. वर्ग पूर्ण झाला होता. पण हात अजून तिथंच होता, आणि तो काढून घ्यायचा तर आधी थोरल्यानेच.