गिटारमधली फुली

पनवेलच्या मोठ्या दुकानात मुलीसाठी गिटार बघत होतो. "खोका सीलबंदच मिळेल, सर," विक्रेता म्हणाला. पॉलिशचा वास आला आणि पेणमधलं वाद्यांचं ते चिंचोळं दुकान आठवलं.

तेव्हा मी कॉलेजात होतो. दुकानातल्या काकांनी पैसे घेतले आणि गिटार ठेवून घेतली. "तारा बसू देत. परवा ने." हा गिटार बदलून दुसरीच देणार, माझी खात्रीच! पेणला गणपती ठरवला की आपण नावाची चिठ्ठी लावतो. तशी मी काकांची पाठ वळताच गिटारच्या भोकात, आतल्या कडेला, पेन्सिलीने फुली मारली.

दोन दिवसांनी काकांनी गिटार सुरात लावून, वाजवून दाखवली. मग माझ्या हातात टॉर्च दिला.

"तुझी फुली हाय का, बघून घे."

लाज वाटली. तरी मी वाकून बघितलंच.