रुमालाखालचा भाव

आमच्या रुमालबाईला भाजी आणायला पाठवणं म्हणजे भाजीवाल्यावर अन्याय होता. ती गवारीचा भाव तोंडाने विचारायचीच नाही. झोळीतून एक मोठा चौकड्यांचा रुमाल काढायची, हातावर टाकायची, हात पुढे करायची आणि म्हणायची, "बोटांनी सांगा." लोणावळ्याच्या बाजारातले निम्मे भाजीवाले लाजून ती म्हणेल त्या भावात देऊन मोकळे व्हायचे. उरलेले तिला येताना पाहून पाठ फिरवायचे.

एकोणीसशे साठच्या दशकात ती आणि मी, आम्ही दोघी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत नव्याने लागलो होतो. मावळातल्या कामासाठी लोणावळ्यात एक खोली घेऊन राहत होतो. माझा विषय पाटबंधारे, म्हणजे संस्थेत ज्यावर कुणी भांडत नाही असा. तिचा विषय बाजार. आंबेमोहोर तेव्हा रुमालाखाली विकला जाई. व्यापारी आणि शेतकऱ्याचा माल दलालीवर विकणारा अडत्या रुमालाखाली हात धरत आणि बोटं दाबून आकडा सांगत. भाव पटला तर मूठ मिटायची, नाही पटला तर हात काढून घ्यायचा. ज्याचा तांदूळ तो शेतकरी बिचारा बाजूला उभा. तिचं म्हणणं असं, की भाव मोठ्याने पुकारले तर शेतकऱ्याच्या पदरात जास्त पडेल. पुण्यात हे सगळ्यांनाच पटत होतं. सिद्ध मात्र कुणी केलं नव्हतं.

आधी ती बोटांची भाषा शिकायला निघाली. बाईमाणसाच्या हाताला हात लावायला एकही व्यापारी तयार होईना. शेवटी कार्ल्याच्या वरच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या आबांनी तिला जवळ बसवलं आणि बघ्यांना सांगितलं, "माजी लेकच हाय ही. आन गं हात." आबांनी शिकवलेलं ती माझ्यावर गिरवायची. लोणावळ्याहून निघालेली गाडी बेगडेवाडीला पोचेपर्यंत माझी बोटं दुखायला लागायची. समोरच्या बायका आमच्याकडे बघत राहायच्या. ती त्यांनाही रुमाल दाखवायची.

खऱ्या बाजारात तिला कोण ढवळाढवळ करू देणार? म्हणून तिने बाजारच नवा मांडायचं ठरवलं. परदेशात वर्गात माणसं बसवून असे बाजार भरवतात, असं तिने कुठल्याशा नियतकालिकात वाचलं होतं. काही जणांनी विकायचं, काहींनी घ्यायचं. विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर 'याच्याखाली विकू नका', घेणाऱ्याच्या चिठ्ठीवर 'याच्यावर घेऊ नका'. ज्याला जितका नफा, त्याला तितकी चिक्की. आमच्या दोघींचे मार्गदर्शक सर ऐकून म्हणाले, "बाई, अर्थशास्त्र म्हणजे भातुकली नव्हे." ती शांतपणे म्हणाली, "सर, घरात कोण कसं वागतं ते भातुकलीतच कळतं."

संस्थेत एक कायमची जागा निघणार होती. एकच. ज्याचा प्रबंध आधी मान्य होईल त्याला ती मिळणार होती. आम्हा दोघींना हे ठाऊक होतं आणि आम्ही एकाच स्टोव्हवर चहा करत होतो. ती जागा तिला किती हवी होती, हे ती लपवायची नाही. "मिळाली तर बाजार, नाही मिळाली तर कांदेपोहे," असं ती हसत म्हणायची. सोलापूरला तिच्या घरी पाहुण्यांची यादी तयारच होती.

कार्ल्याच्या शाळेत गावातलीच माणसं घेऊन रविवारी तिचा बाजार भरू लागला. सगळं तिला हवं तसं घडत होतं. पुकारून विकलं की विकणाऱ्याला जास्त मिळे, रुमालाखाली कमी. शेवटच्या रविवारी सर स्वतः बघायला आले. खेळ पुकाऱ्याचा होता. आबा विकणारे. घेणाऱ्यांत खालच्या आळीतली एक मावशी होती, तिची सून नुकतीच बाळंत झालेली. आबांनी पहिल्याच हाकेला चिठ्ठीवरच्या आकड्यात माल देऊन टाकला. सर म्हणाले, अहो, जास्त मागा की. आबा म्हणाले, "हिची सून बाळंतीण हाय. हिला काय भाव सांगायचा? चिक्की घिऊन जाऊ द्या तिला." त्यानंतर एकाही विकणाऱ्याच्या तोंडून वरचा आकडा फुटेना. एक जण तर म्हणाला, "आबानं एवढ्याला दिलं, आन मी जास्त मागू व्हय? लोक काय म्हंतील?" दुपारी त्याच माणसांनी रुमालाखाली सौदे केले, तेव्हा आबांनीसुद्धा त्याच मावशीकडून पुरता भाव वसूल केला. मावशीही काही कमी नव्हती, बराच वेळ हात सोडत नव्हती.

परतताना रुमालबाईने गाडीत रुमाल मांडीवर पसरला. मग म्हणाली, "शालू, उघड्यावर माणूस शेजाऱ्याला भितो गं. रुमालाखाली मनातलं सांगतो. मी रुमालाला उगाच चोर म्हणत होते."

सरांचं मत सरळ होतं. तो एक रविवार गाळावा, बाकीचं काम उत्तम आहे, लगेच सही करतो. तिने गाळला नाही. उलट त्याच रविवारवर मोठं प्रकरण लिहिलं. मी तिला सांगून पाहिलं की जागा मिळव, मग आयुष्यभर लिही. ती म्हणाली, "मग तेव्हा दुसरं काही गाळावं लागेल." सरांनी सही केली नाही. माझे पाटबंधारे मात्र सुरळीत पार पडले आणि जागा मला मिळाली. पेढे तिनेच आणले.

सोलापूरला तिचं लग्न झालं. काही वर्षांनी ती काविळीने गेल्याचं कळलं. कळलं तेव्हा मी संस्थेत उत्तरपत्रिका तपासत होते, त्या तशाच पुढे तपासल्या. रडू आलं नाही. आज लिहितानाही येत नाही. आत काहीतरी बधिर होऊन बसलंय, ते हलत नाही. पुढे पुकाऱ्याचे लिलाव सगळीकडे आले, ते चांगलंच झालं. तिच्या त्या रविवारबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

आठवतं ते लोणावळ्याचं स्टेशन. ती कायमची निघाली त्या दिवशी संस्थेतली चार माणसं पोचवायला आली होती. सगळ्यांसमोर मी तिला विचारलं, "पटला का गं तुला हा सौदा?"

"पटला की," ती हसून म्हणाली. "न पटायला काय झालं?"

सगळे हसले. मी तिच्या झोळीतून रुमाल काढला, आमच्या हातांवर टाकला आणि काही न बोलता तिची बोटं दाबून तेच पुन्हा विचारलं. तिचा हात थोडा वेळ माझ्या हातात तसाच राहिला. चेहरा हसराच होता.

मग तिने हात काढून घेतला.

गाडी आली, ती चढली, गाडी गेली. रुमाल माझ्याच हातावर राहिला होता. मी त्याची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने कामावर गेले.