दारातली खुर्ची

माझा नवरा तसा शहाणा माणूस आहे, फक्त शनिवारी संध्याकाळी नसतो. अमेरिकेत शिकताना त्याने तिथल्या कॉलेजचा फुटबॉल जो डोक्यात घेतला, तो इकडे जर्मनीत, बॉबलिंगेनला येऊन बारा वर्षं झाली तरी उतरलेला नाही. लांबट चेंडू छातीशी धरून पळतात, तो फुटबॉल. सहाला सामना लागला की हा कॉलेजची लाल जर्सी चढवतो. हंगाम संपेपर्यंत ती धुवायची नाही, नशीब धुऊन जातं म्हणे! एकदा मी सोफ्यावर बसले आणि त्याचा संघ हरला, तेव्हापासून मला सोफा बंद. यावरून मी त्याला पुष्कळ बोलले आहे.

गेल्या वर्षी माझे बाबा गेले. ते आजारी असताना आईने देव पाण्यात ठेवले होते. बाबा बरे झाले की बाहेर काढणार होती. ते गेल्यावर तिने देव पुसून कपाटात ठेवले आणि पुन्हा हात जोडले नाहीत. मी तिला तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. सकाळपासून ती खिडकीशी बसायची. विचारलं तर उत्तर द्यायची, एवढंच. बाबांच्या मागोमाग आईही हातातून चालली, या भीतीने मला काही सुचेना.

एका शनिवारी ती पाण्याचं भांडं घेऊन हॉलच्या दारात आली आणि नेमका तेव्हाच याच्या संघाने गुण मिळवला.

"आई, तिथून हलू नका!" हा ओरडला. ती बिचारी तिथेच उभी. मग याने स्वयंपाकघरातली खुर्ची आणून दारात मांडली.

"माझी आई काय ताईत आहे तुझा?" मी नंतर त्याला झापलं.

"अगं, बसल्या की नाही? खिडकीपेक्षा बरं."

मग दर शनिवारी ती खुर्ची आईची. तिसऱ्या शनिवारी तिने आपणहून विचारलं, "अहो, तो पडला त्याला लागलं का हो?" मी भांडी घासता घासता रडले. याचा खुळेपणा खरा होता की आईसाठी केलेलं नाटक, हे मी आजवर विचारलेलं नाही. जे काही होतं, त्यासाठी मी त्याची जन्मभर आभारी आहे.

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मध्यंतराला संघ मागे होता. आई उठली.

"आई, आत्ता नको!"

"थांबा हो जरा." तिने पातेल्यात पाणी घेतलं, माझ्या फळीवरचा पितळी गणपती उचलला आणि हळूच पाण्यात ठेवला.

संघ तीन गुणांनी हरला. याने टीव्ही बंद केला. आम्ही दोघं आईकडे बघत राहिलो. तिने गणपती बाहेर काढला, पदराने पुसला, फळीवर ठेवला आणि हात जोडले.

"आता पुढचा सामना कधी?"

"आता एकदम सप्टेंबरात, आई."

"मग सप्टेंबरचं तिकीट काढा माझं. आणि तोवर ती खुर्ची हलवू नका."