सोवळ्यातले काका

ब्रह्मा घाटावरचे आमचे शेजारी काका रोज गंगेवरून ओलेत्याने परततात, तेव्हा गल्लीभर "हटिए, छुइएगा मत!" चालू असतं. दूधवाला, म्हैस, मी, सगळे भिंतीला चिकटतो. परवा एका गोऱ्या पाहुणीने सेल्फीसाठी त्यांच्या ओल्या खांद्यावर हात टाकला. मला वाटलं, आता हिची खैर नाही. तर काका चक्क दात काढून हसले! आज विद्यापीठात शिकणाऱ्या केनियाच्या मुलीने लांबूनच रस्ता विचारला, तर हे तडक पुन्हा आंघोळीला निघाले.

"काका, ती शिवलीसुद्धा नाही!"

"अगं, सावली पडली ना."

"आणि परवाची ती गोरी?"

काका माझ्यावरच उखडले. "ती परदेशी! तिला बिचारीला सोवळंओवळं काय कळणार?"

"आणि केनिया काय आपल्या शेजारच्या दुर्गाघाटाला लागून आहे, काका?"