रानात लपवलेला तांबडा

गुरांच्या लम्पीची साथ आमच्या पोशेऱ्याच्या पाड्यावर आली, तेव्हा बाबांनी आमचा तांबडा बैल रानात लपवला. कुणापासून? तर सरकारपासून!

कारण एक मेला मोबाइल. भिवंडीला कामाला असणाऱ्या माझ्या चुलतभावाने कुठल्या परदेशातला व्हिडिओ दाखवला. आजारी गाई मारून खड्ड्यात लोटत होते. त्यातच आमच्या ग्रामपंचायतीचा जेसीबी येऊन पाड्याच्या टोकाला खणायला लागला. साथीत मेलेली गुरं पुरायला होता तो खड्डा, पण बाबांना कोण पटवणार?

"बाबा, आपल्याकडं नाय मारीत गुरां. सरकारी डॉक्टर येतोय, दाखव त्याला," मी जीव तोडून सांगितलं.

"गप बस. तुझ्या हातचा चारा खाल्लाय त्यानं. तूच त्याला खड्ड्यात घालतेस?"

कपाळ माझं! अंगभर गाठी आलेला, तापाने फणफणलेला बैल त्यांनी ओढत डोंगरावर नेला. घरी पळून येईल म्हणून सागाला बांधला. रोज पेज घेऊन वर जायचे आणि भरलं भांडं परत आणायचे.

मग डॉक्टर आला. शेजारच्या काकाच्या बांड्या बैलालाही गाठी होत्या. आमचा तांबडा आणि त्यांचा बांडा, एकेका घरचा एकेक, अशी आमची नांगराची जोडी. डॉक्टरने बांड्याला इंजेक्शनं दिली, जखमांना मलम लावलं, परवा पुन्हा येतो म्हणाला. बाबा कुडाआडून सगळं बघत होते. डॉक्टरने गाडीला किक मारली तसे ते धावत आडवे गेले.

"साहेब, माझा पण हाय एक. वर हाय. चला ना."

डॉक्टर बिचारा चिखल तुडवत वर आला. मीही मागोमाग गेले.

तांबडा आडवा पडला होता, तोंड पाड्याकडं. दावं ओढून ओढून मानेची कातडी सोलली होती. डॉक्टरने पापणी उचलून पाहिली आणि बॅग उघडलीच नाही.

"एक सुई तरी द्या," बाबा म्हणत राहिले. रागवायचं तरी कुणावर?

ज्याला भ्याले होते त्याच जेसीबीला बोलवायला बाबा स्वतः गेले. तो चढणीवर चढेना. मग काका आणि बाबांनी कुदळीनेच खड्डा खणला. बैल आत लोटायच्या आधी बाबांनी त्याच्या मानेचं दावं सोडलं.

"जा आता घरला," म्हणाले.