सरकारची बकरी

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ते कापसाच्या तंतूंसारखे असतात. लुगडं कितीही झटका, घरी येऊन पाहावं तर पदराला दोन-चार चिकटलेलेच. आम्ही वडगावच्या हायस्कुलातली जुनी मंडळी अजूनही कुणाच्या तरी घरी जमतो. दर वेळी एखादं माणूस कमी झालेलं असतं. चहा येईपर्यंत गुडघे, मोतीबिंदू, सुना असं सगळं बोलून होतं आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, “बाई, सरकारनी बकरी उनी का?” सरकारची बकरी आली का, एवढंच, की झालं! आलेली माणसं जेवूनच घरी जातात.

बकरीचं शेवटी सांगते. ती शेवटीच आली.

•

आमची शाळा भरायची एका शेटजींच्या जिनिंगच्या गोदामात. सरकी काढलेला कापूस पूर्वी तिथं रचून ठेवत. मी धुळ्याहून नोकरीला आले तेव्हा गोदाम रिकामं होतं, पण कापूस गेला असं कुणी म्हणू शकलं नसतं. तो तुळयांवर होता, भिंतींच्या फटींत होता, मुलांच्या केसांत होता आणि मुख्य म्हणजे शाईच्या दौतींत होता. टाक बुडवला की टोकाला तंतू यायचाच. त्यामुळे आमच्या मुलांच्या प्रत्येक अक्षराला मिशी असे.

तपासणीला आलेल्या डेप्युटीसाहेबांनी आठवीतल्या कमलची वही उचलली आणि विचारलं, “अक्षर असं केसाळ का?”

कमल उभी राहिली. म्हणाली, “सायेब, शाळा सेटजीनी शे. शाई आमनी शे.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं, तेवढ्यात वरून एक तंतू खाली आला आणि त्यांना सात शिंका आल्या. जाताना हेडसरांना म्हणाले, “स्वतःची इमारत बांधा. गाव जेवढं देईल तेवढं सरकार देईल. अर्ज करा, मॅचिंग ग्रँटचा.”

इमारत हवीच होती. गोदामाचे मालक शेटजी मनानं चांगले, पण त्यांनी दोन्ही हात जोडून सांगितलं होतं की पुढच्या दिवाळीनंतर मला माझं गोदाम लागेल. शाळा बंद पडली असती तर मुलं धुळ्याला नाहीतर जळगावला बोर्डिंगात गेली असती. मुली कुठं जाणार? आठवीत सहा मुली होत्या आणि एकेकीच्या घरी जाऊन, चुलीपाशी बसून, आईबापांशी भांडून मी त्या आणल्या होत्या. शाळा मोडली की त्या परत चुलीपाशी. माझा सगळा जीव त्यात अडकला होता, आणि खोटं कशाला बोलू, कमलमध्ये जरा जास्तच.

•

तर मॅचिंग ग्रँट. हेडसरांनी ती शाळा समितीचे अध्यक्ष नाना यांना समजावून सांगितली. नाना मोठे शेतकरी, उत्साही, आणि ऐकून घेण्याच्या बाबतीत जरा घाईचे. त्यांनी एकदा भुसावळला रेल्वेच्या मैदानावर हॉकीची मॅच पाहिली होती. त्यामुळे चावडीवर त्यांनी जाहीर केलं, “सरकारसंगे आपली म्याच शे. जितनूत तं शाळा आपली!”

गावानं ते फार मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिला पैलवान अंगाला तेल लावूनच गोदामाच्या दारात हजर. हेडसरांना वाकून नमस्कार करून त्यानं एकच विचारलं, “सरकारकडथून कोण उतरनार शे?”

हेडसरांनी त्याला बसवून सगळा खुलासा केला. भिलाचा चेहरा उतरला. पण नाना मागं हटणारे नव्हते. म्हणाले, पैलवान तयार आहे तर कुस्त्या तरी होऊ द्या. मग यात्रेत शाळेसाठी दंगल भरली, पारोळ्यापासून पैलवान आले आणि भिलानं जिंकलेलं सगळं बक्षीस तिथल्या तिथं वर्गणीत टाकलं. आमच्या वर्गणीची सुरुवात ही अशी मातीतून झाली.

भिलाची समजूत मात्र पुरती गेली नाही. पुढं डेप्युटीसाहेब कधीही आले की तो लांब उभा राहून त्यांचे खांदे, मान, मांड्या निरखायचा. एकदा निराश होऊन मला म्हणाला, “बाई, यास्ना काही दम नही.”

•

ग्रँटच्या मागं ऑफिसात हेलपाटे घालायचे तर अंगावर कोट हवा, असा हेडसरांचा सिद्धांत. आमच्या साऱ्या शाळेत कोट एकच होता, हेडसरांचा लग्नातला. धुळ्याला ज्याची पाळी त्याच्या अंगावर तो चढे. ड्रिलमास्तरांच्या कोपरापर्यंतच यायचा, संस्कृतच्या शास्त्रीबुवांच्या गुडघ्यापर्यंत पोचायचा. आमचं गाव नेमकं पूर्व आणि पश्चिम खानदेशाच्या, म्हणजे जळगाव आणि धुळ्याच्या, शिवेवर. धुळ्यात म्हणत, कागद जळगावला गेलाय. जळगावात म्हणत, तुमचं धुळं. कोट बिचारा दोन्हीकडे फिरत होता. शेवटी शेवटी ऑफिसातला पट्टेवाला माणसाकडे न पाहता कोटाला ओळखायला लागला.

एकदा सगळे तापानं पडले म्हणून मी गेले. पट्टेवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “वडगाव ना? आज कोट कुठाय?”

मी चिडून म्हटलं, “इस्त्रीला दिलाय.”

तो म्हणाला, “मग इस्त्री झाली की या.”

•

आता अक्का. अक्का म्हणजे कमलची आजी. घरात शब्द तिचा चालायचा. मी वर्गणीला गेले तेव्हा ती अंगणात बकरीचं दूध काढत होती. मी माझं नेहमीचं भाषण केलं, आपण दिलं की सरकार तितकंच देतं वगैरे. अक्कानं ते सगळं नीट ऐकून घेतलं. मग उठली, बकरीचं दावं सोडलं आणि माझ्या हातात दिलं. घरात दुधाला दुसरं काही नव्हतं. मी नको नको म्हणत राहिले, तर म्हणाली, कमलला अकरावीपर्यंत शिकवशील ना, मग झालं.

बकरी घेऊन मी गावातून शाळेत आले. वाटेत लोकांनी मला काय काय विचारलं ते लिहीत नाही.

हेडसर फार सरळ माणूस. त्यांनी वर्गणीच्या तपशिलात जसं घडलं तसं लिहिलं, ‘बकरी, नग एक.’ ऑफिसातून उत्तर आलं की बकरी रोख रकमेत मोडत नाही, सबब तिचा योग्य तो दाखला जोडावा. दाखला द्यायचा कुणी? तालुक्याहून ढोरांचे डॉक्टर आणले. त्यांनी बकरीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि लिहून दिलं, ‘प्रकृती उत्तम, स्वभाव शांत, वर्तणूक समाधानकारक.’

हेडसरांनी तो दाखला शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवला आणि चष्म्यावरून आम्हा सगळ्यांकडे पाहत म्हणाले, “असा दाखला मला तुमच्यापैकी एकालाही देता यायचा नाही.”

पुढं बकरी लिलावात गेली, पैसे वर्गणीत जमा झाले. अक्काचा हिशेब मात्र वेगळाच होता. मी दिसले की ती ओट्यावरून हाक मारून विचारायची, “बाई, सरकारनी बकरी उनी का?” गाव जेवढं देईल तेवढं सरकार देईल, असं मीच नव्हतं का सांगितलं! मी आपली दर वेळी म्हणायची, येईल अक्का, सरकार लांब राहतं.

•

सरकार खरंच लांब राहायचं. तेव्हा गुजरात नि आपण एकाच मुंबई राज्यात होतो. दसऱ्याच्या सुमाराला एक जाड लिफाफा आला. उघडला तर पत्र सगळं गुजरातीत! आता वाचणार कोण? गावात गुजराती येणारे एकटे शेटजी.

शेटजी वाचू लागले तसा त्यांचा चेहरा उजळत गेला. ग्रँट मंजूर! आमच्यापेक्षा आनंद त्यांना झाला, कारण त्यांचं गोदाम सुटणार होतं. त्यांनी स्वतःच्या खर्चानं पेढे मागवले. मुलींनी टाळ्या वाजवल्या, भिलानं शड्डू ठोकला, मला तर रडू आलं. पेढा वाटता वाटता शेटजींनी कौतुकानं पत्र पुन्हा वरपासून वाचायला घेतलं आणि थांबले.

“अरे,” ते म्हणाले, “आ तो बीजुं गाम छे.”

पत्र गुजरातेतल्या कुठल्याशा वडगामचं होतं. हेडसरांच्या तोंडात पेढा होता. गिळावा की नाही असा पेच त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. शेवटी गिळला. म्हणाले, “आपल्या ग्रँटचा ॲडव्हान्स समजू.” आणि तोंड पुसून त्यांनी पहिलं काम काय केलं, तर ते पत्र त्या वडगामला रवाना केलं. तिथंही कुणीतरी गोदामात बसून वाट पाहत असेल, म्हणाले. त्यांच्याबरोबर नोकरी केली याचा मला आजही अभिमान वाटतो.

•

आमची मंजुरी आली ती मराठीत आणि साध्या पोस्टकार्डावर. कुणाचाच विश्वास बसेना. शेटजींनी पेढे आणायला साफ नकार दिला.

शेटजींनी दिवाळीची मुदत वाढवून दिली आणि बांधकाम सुरू झालं. विटा गावानं पाडल्या, पाणी मुलांनी वाहिलं, भिंती आमच्याच गवंड्यानं उभ्या केल्या. निळ्या कागदावरचा नकाशा त्यानं बाभळीला टांगला होता आणि रोज त्यात बघून काम करत होता. भिंती खांद्याला लागल्या तेव्हा सरकारी ओव्हरसियर पाहणीला आला. नकाशात दार गावाच्या बाजूला, बांधकामात दार नाल्याच्या बाजूला. नकाशावरची अक्षरं इंग्रजी. गवंड्यानं तो उलटा टांगला होता!

काम पाडायचं तर पुढचा हप्ता बुडणार. ओव्हरसियर तरुण पोरगा होता. त्यानं गावाकडे पाहिलं, मुलींच्या डोक्यावरच्या घागरींकडे पाहिलं, झाडावरचा नकाशा काढून घेतला, तसाच उलटा मांडीवर धरला आणि खाली लिहून सही केली, ‘काम नकाशाप्रमाणे आहे.’

आमची शाळा तेव्हापासून गावाकडे पाठ करून उभी आहे. पाहुणे विचारत, असं का? हेडसर गंभीरपणे सांगत, मुलांची नजर बाहेर जावी म्हणून.

•

तीन खोल्या झाल्या. आठवी, नववी, दहावी. उद्घाटनाला डेप्युटीसाहेब आले. कमल तोवर दहावीत गेली होती. पुढची अकरावी म्हणजे मॅट्रिकचं वर्ष, पण त्या वर्गाला खोली नव्हती आणि वर्गणी सगळी संपली होती. अकरावीला धुळ्याला जावं लागेल, असं हेडसरांनी सकाळीच सांगितलं होतं. कमलच्या बापानं मान हलवली होती. ती मान मला चांगली कळत होती, आता कमल चुलीपाशी. सबंध समारंभभर मी हसऱ्या चेहऱ्यानं हार गुंफत होते आणि कमलकडे बघणं टाळत होते.

साहेब छान बोलले. म्हणाले, गावानं जेवढं दिलं तेवढं सरकारनं दिलं, काही बाकी ठेवलं नाही.

बायकांच्या बाजूनं अक्का उठली. नानांनी बसा बसा म्हणून हातानं खुणावलं, तिनं तिकडे पाहिलंही नाही.

“मी मनी बकरी दिधी,” ती म्हणाली. “तुमनी कोठे शे?”

साहेबांनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी त्यांच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. मग साहेब उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “अक्का, तुमचं येणं आहे.” आम्हाला वाटलं, वेळ मारून नेली.

पुढच्या बाजारच्या दिवशी कापसाच्या ट्रकमधून ऑफिसचा तोच पट्टेवाला उतरला. कपडे चुरगळलेले, डोक्यात कापूस आणि हातात दावं. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला बकरी. मला म्हणाला, साहेबांनी स्वतःच्या पैशानं घेऊन पाठवलीय, पोच द्या, आणि कृपा करून आता तो कोट पाठवू नका.

निम्मं गाव गोळा झालं. अक्काला बोलावणं गेलं. ती आली, कमल मागं. अक्कानं बकरीभोवती फेरी मारली. तोंड उघडून दात पाहिले. खाली बसून कास चाचपली. मग गुडघ्यावर हात टेकत उठली.

“मनी दुभती व्हती,” म्हणाली. “हाई भाकड शे. म्याच व्हयनी नही.”

पट्टेवाला खाली बघायला लागला. अक्कानं त्याच्या हातातलं दावं घेतलं, मागं वळून कमलकडे एकदा पाहिलं, आणि ते दावं माझ्या हातात दिलं.

“लिखी ल्या, बाई. अकरावीनी खोलीले, अक्कानी बकरी एक. नि सरकारले सांगा, आवंदा दुभती धाडा.”