पाच आकडे, पाच नावं

तिसऱ्या दिवशीही सकाळचा चहा निवून गेला आणि मी लॅपटॉपसमोर नुसतीच बसून राहिले. शिरोलीच्या फाउंड्रीमालकांचं फोनवरचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. "लॅबवाल्याला घरी बसवलं. आकडं खोटं भरत होतं बेणं."

ते आकडे घेणारा प्रोग्राम माझा होता. लॅबवाला प्रत्येक ओतणीचं लोखंड तपासून पाच आकडे एका ओळीत भरायचा, वर मथळा नाही. मी पाच नावांचा साचा केला: कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस. आलेली ओळ साच्याला दिली की पहिल्या आकड्याला पहिलं नाव, दुसऱ्याला दुसरं. आकडे चारच आले तर प्रोग्राम भांडतो. पाच आले की गुमान नावं चिकटवतो. गंधक वाढलं की लोखंड तडकतं, म्हणून तसं झालं तर पडदा लाल व्हावा, अशी सोयही केली होती. पडदा कधी लाल झाला नाही. गिऱ्हाइकाकडून मात्र तडकलेला माल परत आला.

राहवेना. गाडी काढली आणि लॅब गाठली. लॅबवाल्याची जाड वही टेबलावरच होती. पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरात मथळे, आणि शेवटचे दोन माझ्या उलट: आधी फॉस्फरस, मग गंधक. जुन्या केमिस्टनं घालून दिलेली पद्धत तो वर्षानुवर्षं पाळत आला होता. आकडे सगळे खरे होते; वाढलेलं गंधक माझ्या प्रोग्रामात फॉस्फरस म्हणून जात होतं. पहिल्या दिवशी त्यानं विचारलंही होतं, "ताई, वही बघतासा न्हवं?" मी मान वर न करता म्हटलं होतं, "नको, कळलं मला." आता ते आठवून स्वतःचीच चीड आली.

दोन नावांची अदलाबदल करायला मिनिटही लागलं नाही. मालकांच्या केबिनपाशी मात्र मी तीनदा जाऊन परत फिरले. शेवटी आत शिरून एका दमात सगळं सांगून टाकलं.

मालक म्हणाले, "मला काय सांगतासा? त्येला सांगा की. लावा फोन, आत्ता, माझ्यासमोर."

मी नंबर शोधला. माझ्या फोनमध्ये तो 'लॅब शिरोली' म्हणून होता. दोन महिने आम्ही एकाच टेबलाशी बसलो होतो. रिंग वाजत राहिली, मग पलीकडून आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?"

त्याला काय म्हणून हाक मारायची, तेच मला माहीत नव्हतं.